फळ्यावरची यादी

पडेगावात भाजी रोज मिळते, तरी वहिनी महिनाभराचे कांदे-बटाटे एकदम घेतात. "जहाज आलं नाय तर खाणार काय?" म्हणत स्वतःच हसतात. मला पाहिलं की बाजूला सरकतात. "तुम्ही घ्या आधी, भाऊजी."

पूर्वी दूरच्या एका बेटावर, लष्करी तळावर, त्यांचं आणि आमचं बिऱ्हाड शेजारी होतं. त्यांचे यजमान वर्कशॉपात, मी कचेरीत. भाजी-किराणा महिन्याच्या जहाजानं यायचा. माणसांसाठी पंधरवड्याला एक विमान यायचं आणि त्यात कुणाच्या घरच्यांना जागा द्यायची, ती यादी मी करून कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावायचो.

पैठणला वहिनींची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा यादीत त्यांचं नाव होतं. मी ते खोडून माझ्या बायकोचं लिहिलं. तिच्या भावाचं लग्न होतं. वहिनींना म्हणालो, वरून हुकूम आला. पुढच्या विमानाआधी आई गेली.

परवा भाजीच्या गाड्यापाशी अखेर सगळं सांगून टाकलं. त्या बटाटे निवडत राहिल्या.

"ठाऊक हाय. खोडलेलं नाव वाचता येत होतं. तिथं फळ्यावरच्या यादीबिगर वाचायला होतं काय?"

मग नेहमीसारख्या बाजूला सरकल्या.

"तुम्ही घ्या आधी, भाऊजी. तुम्हाला घाई असती."