सावधान साहेब

ब्रह्मपुरी ऑनलाइन ठगांपासून सुरक्षित आहे, ती एका माणसामुळे. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज स्टँडवरच्या टपरीवर चहा घेतात आणि समोर येईल त्याला बजावतात, “ओटीपी सख्ख्या भावालेही सांगू नोका!” बोलताना खिशातला पेन काढून हवेत सही करतात. त्यांना ‘भाऊ’ म्हटलेलं चालत नाही, ‘साहेब’च लागतं.

परवा शेजारी मासे विकणाऱ्या बाईंना फोन आला. खातं बंद होणार आहे, मेसेजमधले आकडे सांगा. साहेबांनी फोन हिसकावला. “थांब बाई, याले मी दाखवतो!” त्यांनी ठगाला झापायला घेतलं.

पलीकडचा नम्रपणे म्हणाला, “सर, आप तो बँक के बडे अफसर लगते हो.”

साहेबांचा आवाज मऊ झाला. त्यांनी आपला हुद्दा सांगितला, एक पायरी वाढवून. मग चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनवरचे आकडे खणखणीत वाचू लागले.

बाईंनी ओल्या हातांनीच फोन ओढून बंद केला. “काऊन जी साहेब? नव्या जाळ्याचे पैसे हायेत माहे त्याच्यात!”

“मी त्याले तपासून राह्यलो होतो,” साहेब म्हणाले.

ओटीपी सहा आकड्यांचा होता. साहेबांचे चार वाचून झाले होते.