कललेल्या बोटीवरचा सत्यनारायण

नवरा बमरोलीच्या मिलमधून रिटायर झाला आणि फ्लॅट बंद करून त्यानं तापीच्या मुखाजवळ उभी असलेली एक जुनी शिडाची बोट घेतली. राहायला. पहिला महिनाभर मी लाइफ जॅकेट घालूनच पोळ्या लाटल्या. ओहोटीला पाणी उतरलं की आमची बोट चिखलात बसते आणि एका कुशीवर कलते. पहिल्यांदा कलली तेव्हा मी कुकरला मिठी मारून देवाचं नाव घेत होते. वर्षभरात मात्र सगळं अंगवळणी पडलं. चहा कुठल्या बाजूला सांडणार हे मला आधी कळायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या बोटीचा मला लळा लागला.

लिंबायतच्या मोठ्या नणंदेला हे पटत नव्हतं. "हाई काय घर शे?" एवढंच ती विचारायची. शेवटी तिनं अट घातली: बोटीवर सत्यनारायण घाला. नीट पार पडला तर मी पुन्हा बोलणार नाही, नाही तर मुकाट्यानं फ्लॅटवर परत या. तिचा शब्द माझ्या नवऱ्यानं जन्मात मोडलेला नाही.

पूजा म्हटली की पौर्णिमा, हे आमच्या हाडात मुरलेलं. पंचांग बघून मी सकाळची वेळ धरली. अष्टमीला पाणी जेमतेम हलतं आणि पौर्णिमेला सगळ्यात जास्त उतरतं, हे वर्षभर डोळ्यांनी बघितलेली बाई मी. पण पूजा ठरवताना माझ्यातली खलाशीण माहेरी गेली होती.

गुरुजी, नणंद आणि तिच्या दोन शेजारणी होडीतून आले. दुसऱ्या अध्यायाला बोट कलायला लागली. चौथ्यापर्यंत केळीचे खांब आडवे झाले, आणि नेमका प्रसाद न घेतल्यामुळे नाव बुडते तो भाग आला. गुरुजींचा आवाज बारीक झाला. नणंद माझ्याकडे बघत होती, आणि मला फ्लॅटच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

मग मी उठले. कलश दोरीनं चौरंगाला बांधला, चौरंगाखाली उशा खोचल्या, सगळ्यांना खालच्या बाजूला पाय टेकून बसवलं. "गुरुजी, तुम्ही वाचा," मी म्हटलं. "ती याच्यापुढं कलत नाही." एवढ्या ठामपणे बोलणारी मीच, याचं मलाच नवल वाटलं.

कथा संपली तरी कुणाला उतरता येईना, चारी बाजूंना मांडीभर चिखल. नाव बुडण्याच्या धाकानं सगळ्यांनी प्रसादाचा शिरा पुन्हा पुन्हा घेतला. साखरेचं पथ्य असलेल्या नणंदेनंसुद्धा. दुपारी भरती आली आणि बोट हळूहळू सरळ झाली.

नणंदेनं हात जोडले. "वैनी, देव पावना. आते आठेच ऱ्हा." इथेच राहा, असा तिचा हुकूम झाला.

वर्षभर पाणी शिकले मी आणि श्रेय गेलं शिऱ्याला. मी वाद घातला नाही. मला आनंदानं रडू येत होतं.

होडीत बसता बसता ती म्हणाली, "पुढली पूजा बी आठेच, पुनवले."

"ताई," मी म्हटलं, "अष्टमीला करू."