डावा पाय, उजवा हात

मी नववीत होते तेव्हा आमच्या परळच्या शाळेत मुलींचं कवायत-पथक निघालं. महाराष्ट्र राज्य होणार हे तोवर नक्की झालं होतं. मे महिन्यात समारंभ, मैदानावर संचलन, अंगात पांढरी सलवार-कमीज आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या चाळीत तोवर एकाही मुलीने सलवार घातली नव्हती. तेवढ्यासाठीसुद्धा मी पथकात गेले असते.

अट एकच होती. समारंभ होईपर्यंत सुट्टीत गावी जायचं नाही. मी भीतभीतच आईला सांगितलं. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती आणि कोकणात जायचे दिवस वर्षभर मोजायची.

"आंबे काय पळान जातत?" ती म्हणाली. "उशिरा जावया."

निवडीच्या दिवशी ड्रिलच्या बाईंनी आम्हाला मैदानात उभं केलं. किडकिडीत अंगाच्या बाई, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतला भाजीवाला दचकावा. "पुढे चल! डावा, उजवा, डावा!"

मी निघाले आणि मुली फिदीफिदी हसायला लागल्या. माझा डावा पाय पुढे गेला की डावा हातही पुढे जात होता. बाईंनी मला एकटीला चालवून पाहिलं. जितकं लक्ष द्यावं तितकी मी अधिक चुकत होते. शेवटी लाकडी बाहुलीसारखी चालत मी भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"राखीवमध्ये थांब," बाई म्हणाल्या. राखीव म्हणजे झाडाखाली बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

घरी आल्यावर मी गॅलरीत सराव सुरू केला. डावा पाय, उजवा हात, असं मोठ्याने म्हणत. शेजारच्या मावशी तांदूळ निवडायचं सोडून बघत बसल्या. त्यांच्या नवऱ्याने तर सूचनाही दिल्या. त्यामुळे माझं चालणं आणखीच बिघडलं.

आई गिरणीतून आली, चपला न काढता दारात उभी राहिली आणि पोटभर हसली. मला रडू फुटलं.

"गो चेडवा," ती म्हणाली, "पायांका शिकवतंस कित्याक? बाजारात जातंस तेव्हा खंय चुकतत? मोर्च्यात माझ्यावांगडा इल्लंस, तेव्हा चुकले?"

खरंच की! मोर्च्यात मी आईचा पदर धरून कितीदा चालले होते. घोषणा देता देता घसा बसला होता, पण हातापायांची आठवणसुद्धा आली नव्हती.

"मग आता घोषणा देत चालू?"

"मनात दी. त्या मास्तरणीक खंय ऐकाक येतला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली तेव्हा मला बरोबर घेतलं. गिरणीच्या वाटेवर बायका झपझप चालत होत्या. मीही मनात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत त्यांच्यात शिरले. गेटपाशी पोचल्यावर आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "चल्लंस मां बरोबर?" एवढंच विचारलं आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीला गालगुंड झालं. बाई झाडाखाली आल्या.

"तू चालून दाखव."

मी चालले. बाईंनी भुवई उंचावली. "ओठ का हलताहेत?"

"घोषणा देतेय, बाई. मनात."

बाई म्हणाल्या, "दे. पण ओठ मिटून."

समारंभाच्या दिवशी मैदान फुललं होतं. मंचासमोर हुकूम आला, "डावीकडे पहा!" आम्ही माना वळवल्या, तर मंचाच्या शेजारीच, माझ्या नेमक्या नजरेसमोर आमची अख्खी चाळ. बायका दोरीपाशी एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि मध्ये आई, डोक्यावर पदर, गिरणीतून परस्पर आलेली. तिने मला शोधलं, बोट दाखवलं आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. "समोर पहा!" हा हुकूम सगळ्यांना ऐकू आला, मला नाही. अख्खं पथक समोर बघत होतं आणि मी एकटी मैदान संपेपर्यंत डावीकडे. पाय मात्र चुकले नाहीत.

मी बाईंच्या बोलण्याची तयारी ठेवली होती. त्या जवळ आल्या, माझी ओढणी सरळ केली आणि म्हणाल्या, "कोण होतं तिकडे?"

"आई."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

त्या सुट्टीत आम्ही गावी गेलोच नाही. आईच्या खात्यात रजा मिळाली नाही. जून उजाडला, शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी बाईंनी मला पुढच्या रांगेत उभं केलं. मॅट्रिक होईपर्यंत मी तिथेच होते.