आरसे लावलेली जाकिटं

देवीलाल राठोडला पट्टीचं पोहता येतं. इंजिन खोलून पुन्हा जोडता येतं. वारा सुटला की धरणाचं पाणी कधी उसळेल, हे त्याला घरातूनच कळतं. फक्त तसा कागद त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याची मोटरबोट तीन महिने काठाला बांधून पडली होती.

तांडा धरणाच्या अलीकडे, उमरखेडची एसटी पलीकडे. बोटीनं वीस मिनिटं, रस्त्यानं अडतीस किलोमीटरचा वळसा. बोट थांबली तसं तांड्यातल्या चार मुलींचं कॉलेज थांबलं. त्यातली सोनू त्याच्या भावाची मुलगी. तिचा पेपर सोमवारी होता.

सुरक्षा प्रमाणपत्रासाठी तो सहा वेळा कार्यालयात गेला. एकदा अर्जाचा नमुना जुना निघाला. एकदा फोटोत बोटीचा नंबर दिसेना. एकदा साहेबच दौऱ्यावर. दरवेळी तोंडी सांगून परत पाठवलं. तो घरी येऊन ताट सरकवायचा आणि त्याची बायको, सुखीबाई, ते पुन्हा पुढे करायची.

नियमाप्रमाणे लागणारी बारा नारिंगी लाइफ जाकिटं त्यानं गेल्या वर्षीच आणली होती. कोणी घालेना.

"सडकेवर गिट्टी टाकनाऱ्या बाईवानी दिसतो मी यात," म्हातारी धनीबाई म्हणाली. "अशी जाऊ काय लेकीच्या सासरी?"

मग सुखीबाईनं सुई घेतली. स्वतःच्या चोळीवर, काचळीवर करते तसं काम तिनं जाकिटांवर केलं. आरसे, कवड्या, लाल-काळ्या दोऱ्याचे टाके. त्यानंतर बायका जाकिटांसाठी भांडू लागल्या. धनीबाई तर बोटीतून उतरल्यावरही काढत नसे.

शेवटी निरीक्षक आले. जीप पलीकडच्या रस्त्यावर ठेवून बोटीत बसले. इंजिन पाहिलं, दोर पाहिला, आग विझवायचा सिलिंडर पाहिला. भर पाण्यात बोट तीनदा फिरवायला लावली. देवीलालला उडी मारून पोहायला लावलं.

"उत्तम," ते म्हणाले.

तांड्याच्या काठावर बारा जणी जाकिटं घालून उभ्या होत्या. निरीक्षकांनी एक जाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"हे कोणी केलं?"

"मी," सुखीबाई पुढे झाली. तिला कौतुकाची आशा होती.

"भोकं पाडलेलं जाकीट चालत नाही, बाई. सगळी बारा बाद."

"साहेब, आत फोम हाय," देवीलाल म्हणाला. "हवा थोडीच हाय निघून जायले? पाण्यात टाकून पाहा."

"तरंगतं की नाही हा प्रश्नच नाही. कंपनीनं दिलं तसंच पाहिजे."

"तसं होतं तवा कोणी घालत नव्हतं."

"तपासणीत नग मोजतात. कोण घालतं ते नाही."

"म्हंजे पेटीत पडले असते तर पास. आंगात घातले म्हणून नापास."

निरीक्षकांनी मोबाइल काढला. "काम मात्र सुरेख आहे हो. मिसेसना दाखवतो."

देवीलाल मोबाइलच्या आड येऊन उभा राहिला.

"फोटो मागून काढा. आधी नामंजूर म्हणून लिहून द्या. कारणासकट, सहीसकट. सहा वेळा तोंडी ऐकून वापस गेलतो मी."

निरीक्षकांनी लिहून दिलं. देवीलालनं ते सोनूला मोठ्यानं वाचायला लावलं. मग निरीक्षक बोटीकडे वळले.

"चला, सोडा पलीकडे."

देवीलालनं इंजिनची किल्ली खिशात टाकली. "प्रमाणपत्र नाही, साहेब."

"अहो, मी आहे ना सोबत."

"म्हणूनच तं. तुमच्यादेखत कानून कसा मोडू?"

"येताना आणलंत की."

"येतानी तपासणी होती. आता निकाल लागला."

बायका पदराआड हसल्या. देवीलाल हसला नाही. तांड्यातल्या शामनं मोटारसायकल काढली. निरीक्षक बॅग पोटाशी धरून त्याच्या मागे बसले आणि धूळ उडवत गेले.

"उसवू काय?" सुखीबाईनं विचारलं.

"एकबी टाका काढू नको. बारा नवीन आणतो, पेटीत ठेवाले."

"काका," सोनू म्हणाली, "सोमवारी मी कशी जाऊ?"

"साहेब गेले त्याच रस्त्यानं." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "त्यायले एक दिवस जा लागलं. तुले रोज जा लागन."