सत्काराची शाल

परदेशात राहणाऱ्या मुलीकडे आलोय. परवा बाजारातून परतताना अचानक एवढा बर्फ कोसळला, की समोरचा रस्ताच दिसेना. तिनं गाडी हळूहळू कडेला घेतली, अधूनमधून इंजिन चालू केलं तर धूर आत कोंडू नये म्हणून उतरून सायलेन्सरपाशी साचलेला बर्फ फावड्यानं उपसला आणि आत येऊन म्हणाली, "रस्ता साफ होईपर्यंत इथंच बसायचं, बाबा. मागची शाल घ्या."

शाल माझीच. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा नारळासोबत मिळालेली. गाडीत एक जाड पांघरूण हवं, असं मुलगी फोनवर म्हणाली, म्हणून अभिमानानं आणलेली.

अंगाभोवती गुंडाळली, तर जरीचा काठ गळ्याला टोचला आणि थंडी आरपार आत शिरली. मुलीनं स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं. "राहू द्या ती. ती नुसती फोटोपुरती असते."

खरंच होतं. त्या दिवशी माझ्याविषयी सगळे भरभरून बोलले, शाल खांद्यावर टाकली, फोटो निघाला आणि लगेच घडी करून ती माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांच्यापैकी एकाचाही फोन नाही. ही शाल कुणी पांघरत नसतं, हे देणाऱ्यांना ठाऊक होतं. मला मात्र ते कळायला इतक्या लांब, बर्फात येऊन अडकावं लागलं.