घरच्याला न लागणारं औषध

माझ्या वडिलांच्या हाताला काविळीचा गुण होता. मुडबीच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात दर रविवारी सकाळी ओसरीपुढे माणसं आणि जनावरं एकाच रांगेत असायची. डोळे पिवळे पडलेली कुणाची सून असो की चारा सोडलेली म्हैस, अप्पांना दोन्ही सारखीच. ते घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, ओल्या काड्यांचे पेरभर तुकडे करायचे, एकेक तुकडा दोऱ्याच्या फासात अडकवायचे आणि ती माळ गळ्याशी घट्ट बांधायचे. दिवस जातील तशी माळ आपोआप लांबायची, छातीवर यायची, मग पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. याचं ते काहीच घेत नसत. कुणी नारळ आणलाच तर मारुतीपुढे फोडायला लावत.

त्याला नियम होते. माळ अंगावर आहे तोवर दुसरं औषध पोटात जाता कामा नये, हा मोठा नियम. ज्याचं मरण दिसलं त्याला माळ बांधायची नाही, हा दुसरा. अप्पांनी उभ्या जन्मात दोघांनाच परत पाठवलं होतं आणि दोघंही महिन्याच्या आत गेले, त्यामुळे त्यांच्या नकाराला गावात भलतंच वजन आलं होतं. आणि आणखी एक, ज्याची मी फार थट्टा करायची: देणाऱ्याच्या हातचं औषध त्याच्या घरच्याला लागत नाही. “पिकतं तिथं विकत न्हाई, अप्पा,” मी म्हणायची. ते हसायचे. मी भालकीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, नववीच्या वर्गाला फळ्यावर यकृत काढून दाखवते. माझं तरी घरात कुठं विकत होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्याकडे एक देवणी गाय होती. अंगानं पांढरी, कान तेवढे काळे. आई गेल्यावर अप्पा एकटेच राहायचे आणि दिवसभर बोलायचे ते त्या गायीशीच. मला फोनवर दोन वाक्यं, तिला सगळा दिवस. उन्हाळ्यात रानात हिरवी काडी उरली नाही, तेव्हा तळ्याचं पाणी आटून मागं सरकलं त्या ओल्या काठावर लुसलुशीत गवत आलं. अप्पा तिला रोज तिथं सोडायचे. स्वतः उन्हात बसायचे आणि ती खात असताना बघायचे. त्या गवताबरोबर ती काय गिळत होती, हे दोघांनाही दिसण्यासारखं नव्हतं.

कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, मी गावी गेले तेव्हा गाय ओळखू येईना. फासळ्या मोजून घ्याव्या अशी झाली होती. जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी मऊ सूज लोंबत होती आणि डोळ्यांच्या कडा फिकट पिवळ्या दिसत होत्या.

“अप्पा, डॉक्टरला कामून दाखवलं न्हाई?”

“कावीळ हाय, बाई. माझ्या हातचं तिला लागत न्हाई. रविवारी हुलसूरकडं जायलाव.”

हुलसूरच्या पलीकडे एका गावात अप्पांसारखाच माळ देणारा एक म्हातारा होता. रविवारी टेम्पोत घालून गाय तिकडे नेली, माळ बांधून परत आणली. मी तोवर भालकीच्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटले होते. त्यांनी सूज कुठे आहे आणि चरायला कुठे सोडता, एवढंच विचारलं. मग म्हणाले, “यकृतात किडे झालेत. झाडाच्या पानासारखे चपटे असतात. तळ्याच्या गोगलगायींमधून गवतावर येतात. मला पाच दिवस कॅम्प आहे. परत आलो की येतो, पण त्याची वाट बघू नका, ही गोळी आजच द्या.”

मी त्याच संध्याकाळी गोळी घेऊन गावी आले. अंगठ्याएवढी होती. अप्पांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत माझ्या हातावर ठेवली.

“माळ उतरू दे. मग देऊ. आता दिलं तर दोन्ही वाया.”

“अप्पा, ती मरायलीय.”

“तुला माझ्यापेक्षा जास्ती कळायलंय का तिचं?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण त्या दिवशी मी बोलायचं बाकी ठेवलं नाही. मी म्हणाले, काड्या वाळतात, आक्रसतात, फास सैल पडतात, म्हणून माळ लांबते. खुंटीला बांधा, खुंटीचीसुद्धा कावीळ उतरेल. मी गोळी गोठ्याच्या देवळीत ठेवली, तुम्हाला पटेल तेव्हा द्या म्हणाले, आणि सकाळच्या बसनं भालकीला निघून आले.

इथं मला खरं सांगायला पाहिजे. गुळाचा खडा घरात होता. गाय माझ्या हातचं खात होती. अप्पा पहाटे मारुतीला जातात तेवढ्या वेळात मी ती गोळी गुळात घालून तिच्या घशात उतरवू शकले असते, आणि कुणाला कळलं नसतं. मी तसं केलं नाही, कारण गोळी अप्पांनी स्वतःच्या हातानं द्यावी असं मला वाटत होतं. गाय वाचण्याइतकंच मला जिंकायचं होतं. याची लाज मला अजून वाटते.

माळ अगदी वेळेवर उतरली. पाचव्या दिवशी गायीच्या गुडघ्यापर्यंत आली होती, आणि त्याच दिवशी दुपारी गाय गेली. गोळी देवळीत तशीच होती.

डॉक्टर कॅम्पवरून परतून माझ्याबरोबर आले ते मेलेली गाय बघायलाच. बांधावर नेऊन त्यांनी तिचं पोट उघडलं. अप्पांनी यावं हा हट्टही माझाच. यकृत वाळल्या खरबरीत लाकडासारखं झालं होतं आणि सुरी आत गेली तशी करकर वाजली. कापलेल्या नळ्या दाबल्या तर त्यातून करड्या रंगाचे चपटे किडे बाहेर आले, एकामागून एक, काही अजून वळवळत होते. अप्पा उकिडवे बसून बघत राहिले. मग त्यांनी गायीच्या गळ्यातली माळ हातात धरली आणि विचारलं, “गोळी आणली त्याच दिवशी दिली असती तर?”

डॉक्टरांनी सुरी पुसली. “कदाचित वाचली असती.”

पुढच्या रविवारी अप्पांनी ओसरीवर घेटुळी आणलीच नाही. आलेल्या सगळ्यांना दवाखान्याची वाट दाखवली. लोक कुरकुरत गेले. शेवटी खालच्या आळीतली एक बाई उरली. नवरा नाही, घरात एका शेळीचं दूध. शेळीच्या जबड्याखाली तशीच मऊ सूज होती. अप्पांनी ती ओळखली.

“अक्का, हे माझ्या हातचं न्हाई. दवाखान्याला ने, लगेच ने.”

मी तिथंच होते. तिनं पुढचं काही ऐकलंच नाही. वाद घातला नाही, रडली नाही. “बरं अप्पा,” म्हणाली, हात जोडले आणि शेळी ओढत निघून गेली.

दवाखान्याला कशाला नेईल? अप्पांनी नाही म्हटलं होतं, म्हणजे त्यांना मरण दिसलं होतं. आपोआप मरून वाया जाण्याआधी तिनं शेळी दुपारीच कसायाला दिली. दुसऱ्या दिवशी तो कसाई सहज ओसरीशी टेकला आणि म्हणाला, “कलेजी तर बरी होती की अप्पा. चार किडे होते, ते निम्म्या शेरडांत असत्यात. पोटात दोन करडं होती.”

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता ते पुन्हा रविवारी बसतात. नवीन नियम त्यांनीच काढलाय: माळ बांधायच्या आधी दवाखान्याचं औषध पोटात गेलं पाहिजे, न्हाईतर माळ उतरत न्हाई. लोक हा नियमही आधीच्या नियमांइतकाच निष्ठेनं पाळतात आणि जनावरं जगतात. पूर्वी अप्पा माळ बांधताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. आता नुसतीच बांधतात. बोटं थरथरतात म्हणून महिन्यातून दोन रविवार मी जाते आणि फास मी टाकते.

परवा माझ्या हातची पहिली माळ एका वासराच्या गळ्यात पडली, तेव्हा अप्पा म्हणाले, “आता तुझ्या हातचं बी घरच्याला लागायचं न्हाई. ध्यानात ठेव.”

“ते मला गाय गेली तवाच कळलंय, अप्पा,” मी म्हणाले आणि पुढची काडी फासात अडकवली.