कागदावर हजर

रजिया शेख सात वर्षं पीएच.डी. करते आहे आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मी ते पाहते आहे. जालन्याच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवतो. तिचा विषय ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण. नुसतं ऐकून माझं डोकं उठलंय, तर तिचं काय झालं असेल!

पहिली दोन वर्षं विषयावरूनच गेली. विद्यापीठात जो भेटेल तो तिला मुस्लिम महिलांवर काम करा म्हणायचा. मी देशमुखांची लेक, माझी पीएच.डी. पाणलोटावर. मला कुणी देशमुखिणींवर करा म्हटलं नाही.

शेवटी विषय मंजूर झाला. मंठा तालुक्यातल्या तिच्या गावातून दिवाळीनंतर चाळीसेक मुलं आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात. तिनं घरोघर फिरून याद्या केल्या. गाईड म्हणाले, शाळेची नोंद जोडा, त्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही. आणि शाळेच्या हजेरीत ती सगळी मुलं रोज हजर! सलग गैरहजर राहिलं तर नाव पटावरून जातं, पट घटला तर शिक्षकाचं पद जातं.

हजेरी लिहिणारे भुजंग गुरुजी आता निवृत्तीला आलेत. रजियालाही तेच शिकवायला होते. खोटं का लिहिता म्हणून ती त्यांच्यावर चिडली. गुरुजींनी कपाटातून एक जुनी हजेरी काढून तिच्यापुढं ठेवली.

"पाचवीत तू बापासंगं चार महिने वीटभट्टीवर गेल्तीस. तवाबी म्या हजर लिहिलं, म्हणून तुझं नाव टिकलं. मंग सांग, या पोरांची नावं काढू का?"

रजियानं हजेरीतल्या आपल्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. परत आली ती स्वतःवरच वैतागलेली. मुलांची नावं कापली जाऊ नयेत आणि प्रबंधही अडू नये, म्हणून तिनं शाळेचं नाव झाकून आपल्याच पानाची झेरॉक्स जोडली. खाली ते चार महिने लिहिले: पहाटे उठून कच्च्या विटा वाहणं, हातांची सालं निघणं, सगळं.

परवा प्रकरण परत आलं. समासात गाईडचा लाल शेरा होता: "नोंदीनुसार विद्यार्थिनी पूर्ण वेळ वर्गात होती. स्थलांतराचा पुरावा आढळत नाही."

मला इतका संताप आला की ते पान फाडावंसं वाटलं. रजियानं ते माझ्या हातून काढून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

"ताई," ती म्हणाली, "मंग त्या विटा कोणी वाहिल्या?"